पाऊस पडताना सावली पडते का? बर्फातल्या एका कार्डिनलच्या चित्राची पूर्ण केस

आमच्या न्यू जर्सीच्या घरात स्वयंपाकघराची खिडकी मागच्या अंगणाकडे आहे, समोरच डॉगवुडचं झाड आहे आणि त्याला मी फीडर टांगलाय, त्यात सूर्यफुलाच्या बिया असतात. जानेवारीत आई साताऱ्याहून आली. थंडीमुळे तिला बाहेर पडणं जमत नव्हतं, मग सकाळचा चहा घेऊन ती त्या खिडकीपाशीच बसायची, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने मला जोरात हाक मारली, "अगं ये लवकर, लाल बुलबुल आलाय!"

बुलबुल नव्हता तो, नर्दर्न कार्डिनल होता, नर. पण आईचंही बरोबरच होतं, आपल्या बुलबुलासारखाच डोक्यावर तुरा आणि बसायची ऐटही तशीच. इथे हा पक्षी लोकांचा इतका लाडका आहे की इलिनॉय, इंडियाना, ओहायो, केंटकी, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना अशा सात राज्यांचा तो राज्यपक्षी आहे. आमच्या न्यू जर्सीचा मात्र गोल्डफिंच आहे, आणि तो हिवाळ्यात आपला पिवळा रंग टाकून मातकट होऊन जातो. कार्डिनल तसं करत नाही. तो थंडीत दक्षिणेकडेही जात नाही आणि लालही तसाच राहतो, त्यामुळे सगळं अंगण राखाडी-पांढरं झालेलं असताना तो एकटाच फांदीवर लाल दिसतो आणि आपला हात आपोआप ब्रशकडे जातो.

आई म्हणाली, "मला ह्याचं चित्र काढून दे, साताऱ्याला घेऊन जाते." मी हो म्हटलं आणि मनात धरलं की दोन दिवसांचं काम आहे. त्याला चार कागद आणि जवळजवळ सात आठवडे लागले. त्यात काय काय चुकलं आणि का चुकलं ते सगळं लिहून ठेवतेय, कारण बर्फातला पक्षी रंगवायला घेणाऱ्या प्रत्येकाला ह्यातलं काहीतरी नडणारच.

आधी माझी पार्श्वभूमी सांगते कारण चुकांचं मूळ तिथे आहे. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिल्या, मग सुट्टीत वाईला, मेणवलीला घाटावर बसून जलरंगात लँडस्केप केली. तिथलं पांढरं म्हणजे उन्हात तापलेली चुन्याची भिंत. कागद कोरा सोडायचा, शेजारी जांभळट सावली टाकायची, की भिंत लख्ख उजळते. हे इतक्या वेळा केलंय की विचार न करता हात तसाच चालतो. बर्फ मी कधीच रंगवला नव्हता आणि माझ्या डोक्यात बर्फ म्हणजे पांढरं, आणि पांढरं म्हणजे कोरा कागद आणि निळी-जांभळी सावली, एवढंच होतं.

सामान नेहमीचंच. 300 जीएसएमचा कॉटन पेपर, कोल्ड प्रेस म्हणजे जरा खरबरीत, क्वार्टर साइज म्हणजे 11 बाय 15 इंच. रंग मोजकेच, पायरोल रेड, क्विनाक्रिडोन रोझ, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, थोडा यलो ऑकर, आणि शेवटच्या हातासाठी पांढरा गुआश, म्हणजे खालचं झाकणारा अपारदर्शक जलरंग.

पहिल्या कागदाला मी फोनमधला मे महिन्यातला फोटो घेतला, ह्याच फीडरवरचा, कारण तो सगळ्यात शार्प आलेला होता, आणि बर्फ मनाने टाकला. मास्किंग फ्लुइडचे (रंग बसू न देणारं, नंतर सोलून काढायचं द्रव) ठिपके मारून पडणारा बर्फ राखून ठेवला, मागे निळसर राखाडी वॉश म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, जमिनीवर झाडाच्या छान लांब निळ्या सावल्या, मध्ये लालभडक पक्षी. घरात सगळ्यांना आवडलं, लेकीने लगेच फोटो काढून आजोबांना पाठवला. आई मात्र चित्र हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "छानच झालंय गं, पण ह्यात बर्फ पडतोय ना? मग पाऊस पडताना सावली पडते का कधी?"

आईने आयुष्यात ब्रश हातात धरलेला नाही, पण शेतात गेलेल्या बाईला उजेड कळतो. बर्फावरच्या सावल्या निळ्या दिसतात ते उन्हाच्या दिवशी, कारण सावलीच्या जागी ऊन पोचत नाही, तिथे फक्त वरच्या निळ्या आकाशाचा उजेड येतो आणि बर्फ पांढरा असल्यामुळे तो निळेपणा जसाच्या तसा दाखवतो. पण बर्फ पडत असतो तेव्हा वर ढग दाटलेले असतात, उजेड सगळ्या बाजूंनी सारखा झिरपतो, झाडाची रेखीव सावली पडायला जागाच नाही. मी दोन वेगळ्या दिवसांची हवा एका कागदावर आणली होती. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही पण चित्रात थंडी जाणवत नाही, ती ह्यामुळे. आणि मास्किंगचे ठिपके काढल्यावर इतके कडक कडांचे आणि एकसारखे आले की बर्फापेक्षा रात्रीच्या चांदण्याच वाटत होत्या.

मग ठरवलं, आईने पहिल्यांदा पाहिला तोच दिवस रंगवायचा. दुसऱ्या कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहिलं, "सकाळ, ढग, बर्फ पडतोय, वारा नाही." ही सवय मला तेव्हापासून लागली आणि ती फार कामाची आहे, कारण चित्र रंगात आलं की आपण हवामान विसरतो आणि दिसायला छान वाटेल ते टाकत सुटतो.

दुसऱ्या वेळी सावल्या काढून टाकल्या आणि बर्फ कोरा सोडला. आता नवीनच पंचाईत, पक्षी कागदावर स्टिकर चिकटवल्यासारखा दिसायला लागला. रंग तोच, ड्रॉइंग बरं होतं, तरी तो त्या हवेतला वाटेना. दोन दिवस कळेना, शेवटी फोनवर चित्राचा फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट केला तेव्हा दिसलं. लाल रंग आपल्याला चमकदार वाटतो म्हणून तो उजळ आहे असं आपण धरून चालतो, पण राखाडीत तो चांगलाच गडद उतरतो, माझा पक्षी आणि फांदी जवळपास एकाच टोनचे, म्हणजे सारखेच गडद, निघाले. आणि उरलेलं सगळं, आकाश, जमीन, फांदीवरचा बर्फ, पडणारे कण, एकच पांढरं. म्हणजे चित्रात दोनच टोन होते, मधलं काहीच नाही.

मग मी काळ्या कार्डशीटला पंचने एक भोक पाडलं आणि खिडकीतून त्या भोकातून एकेक जागा बघायला लागले. हे ज्याला शक्य असेल त्याने जरूर करावं, पाच मिनिटांचं काम आहे पण डोळे उघडतात. खोडाच्या बुंध्यापाशी जमिनीवरचा बर्फ मला पांढराशुभ्र दिसत होता, भोकातून बघितला तर सरळ राखाडी, किंचित जांभळट. फांदीवरचा बर्फ वरून उजळ आणि पोटाशी बराच मळकट. आणि सगळ्यात आश्चर्य म्हणजे पडणारे कण. आकाशासमोरून येताना ते राखेच्या कणांसारखे गडद दिसत होते, आणि खाली येऊन झाडाच्या खोडासमोर आले की तेच कण पांढरे होत होते. मी आईला बोलावून दाखवलं, ती पण बराच वेळ एकेका कणावर नजर ठेवून बघत बसली. म्हणजे आकाशावर पांढरे ठिपके टाकण्यात काही अर्थच नव्हता, पांढरा कण फक्त गडद गोष्टीसमोर, म्हणजे खोडासमोर आणि पक्ष्यासमोर, तिथेच टाकायचा.

थोडक्यात बर्फ रंगवायलाच हवा होता, कोरा ठेवून चालणार नव्हतं. सगळ्या बर्फावर फिकट राखाडी वॉश आणि कोरा कागद फक्त दोन-तीन ठिकाणी, तेव्हा कुठे ते पांढरं खरं वाटतं आणि लाल त्याच्यात बसतो.

इथेच अजून एक अडचण आली जी पुस्तकात कुणी सांगत नाही. साताऱ्यात पावसाळ्यात वॉश टाकला की तो तासभर वाळायचा नाही, आम्ही पंख्याखाली धरायचो. इथे हिवाळ्यात घरात हीटिंग चालू, हवा कोरडी ठणठणीत, वॉश अर्ध्या कागदावर पोचेपर्यंत वरचा भाग वाळून तिथे कड धरलेली. आणि ढगाळ बर्फाच्या दिवसात तर कडा नकोतच, सगळं एकमेकांत विरघळायला हवं. दुसरा कागद ह्या कडांमुळेच गेला. उपाय साधा निघाला, कागद दोन्ही बाजूंनी भरपूर ओला करून ॲक्रिलिक शीटवर चिकटवून ठेवायचा, खालून ओल मिळत राहते आणि आपल्याला चांगली पंधरा-वीस मिनिटं मिळतात. शेजारी स्प्रेची बाटली, आणि खोलीत ह्युमिडिफायर लावला.

आता पक्षी. इतके दिवस मी मे महिन्याचा फोटोच समोर ठेवत होते आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. एके सकाळी बाहेर उणे आठ होतं, आई म्हणाली, "बघ कसा गोळा झालाय, पाय पोटात घेतलेत. आपल्या कोंबड्या थंडीत अशाच फुगून बसायच्या." फोटो आणि खिडकी आलटून पालटून बघितलं, तर दोन वेगळेच पक्षी. मे महिन्यातला सडपातळ, मान लांब, पाय दिसतायत, छातीची रेघ स्वच्छ. खिडकीतला जवळजवळ गोल, मान नाहीशी झालेली, डोकं सरळ छातीत बसवल्यासारखं, पायांच्या जागी फांदीवर टेकलेली पिसं आणि त्यातून डोकावणारी दोन-तीन बोटं. पक्षी थंडीत पिसं फुलवतो, पिसांच्या मध्ये हवा कोंडली जाते आणि ती अंगाची ऊब धरून ठेवते, आपण गोधडीत शिरतो तसंच. जेमतेम 45 ग्रॅमचा जीव, त्याला हे करावंच लागतं. मी उन्हाळ्यातला पक्षी बर्फात नेऊन बसवला होता, थंडी त्याच्या अंगात नव्हतीच, मग ती चित्रात कुठून येणार? मला विचाराल तर ह्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक ही. बर्फ कितीही बरोबर रंगवा, पक्षी गारठलेला नसेल तर थंडी दिसत नाही.

त्यानंतर चित्र बाजूला ठेवलं आणि दहा दिवस फक्त स्केच केली, दोन-दोन मिनिटांची. कार्डिनल भल्या पहाटे, अजून नीट उजाडलेलंही नसतं तेव्हा येतो आणि संध्याकाळी बाकीचे पक्षी गेल्यावर परत येतो, त्यामुळे मी डबे भरायच्या आधी आणि जेवणाच्या आधी अशी दोनदा बसायचे, आई बातमीदार. ह्या स्केचमधून जे कळलं ते कुठल्याच फोटोतून कळलं नसतं. तुरा नेहमी उभा नसतो, निवांत बसला की तो मागे पडतो आणि डोकं गोल दिसतं, दचकला की ताठ. अंग फुगल्यामुळे शेपटी एकदम बारीक आणि वेगळी वाटते, गोळ्याला काडी लावल्यासारखी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो सगळा लाल नाहीच! छाती आणि तोंडाजवळचा भाग खरा लाल, पाठीवर पिसांच्या कडा राखाडी असतात त्यामुळे पाठ विटकरी-राखाडी, थोडी धूळ बसल्यासारखी. नवीन पिसं उन्हाळ्याच्या शेवटी येतात तेव्हा ह्या कडा असतात आणि वसंतापर्यंत त्या झिजत जातात. मी पहिल्या दोन्ही वेळी पूर्ण अंग एकाच लाल रंगाने भरलं होतं, म्हणून तो प्लास्टिकचा वाटत होता. पाठ दबली की छातीचा लाल न वाढवताच पेटतो.

तिसऱ्या कागदावर आकार सुंदर उतरला. आणि मी तो रंगात घालवला. पोटाखाली सावली दाखवायला लालमध्ये पेन्स ग्रे हा काळपट राखाडी रंग मिसळला, लाल मेला, वाळलेल्या रक्तासारखा झाला. घाबरून ओल्या ब्रशने रंग उचलायला गेले तर पायरोल रेड काही केल्या उचलला जात नाही, तो कागदात शिरून बसतो, निघतो तो फक्त वरचा थर आणि खाली गुलाबी डाग राहतो. त्या रात्री मला खरंच फार वाईट वाटलं, कारण आईच्या परतीच्या तिकिटाला पाच आठवडे राहिले होते आणि इतकं चांगलं ड्रॉइंग परत येईल की नाही ह्याची खात्री नव्हती.

मुळात ती सावलीच तिथे नको होती. एरवी उजेड वरून येतो म्हणून पक्ष्याचं पोट गडद असतं. खाली बर्फ असला की तो उजेड वर परत फेकतो, त्यामुळे कार्डिनलचं पोट खालून उजळलेलं असतं, थंड गुलाबीसर, आणि खरा गडद भाग येतो बाजूला, पंखाच्या खालच्या कडेला. दुसऱ्या दिवशी सकाळी हे खिडकीतून बघितलं तेव्हा अगदी स्पष्ट दिसलं, आणि आदल्या रात्रीपर्यंत दिसलं नव्हतं.

चौथा कागद. फेब्रुवारीतला शनिवार, घरात सगळे झोपलेले. कागद भिजवून शीटवर चिकटवला, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून राखाडी केला, त्यात नावाला रोझ, आणि पक्ष्याची जागा सोडून सगळीकडे वॉश दिला, वर फिकट, खाली जरा दाट. मागची झाडं ओल्यातच दोन फटकाऱ्यांत टाकली, ती आपोआप धुकट झाली. आता छाती. छातीची कड मऊ हवी, कारण फुललेल्या पिसांना रेघ नसते, पण वॉश फार ओला असताना लाल टाकला तर तो पसरून अंगणभर होतो, आणि वाळल्यावर टाकला तर कडक कड येते. कागद डोळ्याच्या पातळीला आणून तिरका बघत बसले. आधी पाण्याची चकाकी असते, मग ती विरत जाते आणि एका क्षणी कागद सायीसारखा मंद दिसतो, तो क्षण. आठ नंबरच्या ब्रशमध्ये पायरोल रेड जवळजवळ ट्यूबमधल्या इतका घट्ट घेतला, पाणी टिश्यूला टिपलं आणि छातीच्या गोलाव्यावर ब्रश आडवा टेकवला. लाल दोन मिलिमीटर बाहेर सरकला, राखाडीत केसांसारखा फुटला आणि थांबला. मी श्वास रोखून धरला होता हे मला तो थांबल्यावर कळलं.

पोटाकडे रोझ पातळ करून, बाजूला रोझ आणि अल्ट्रामरीन, काळा कुठेच नाही. पाठीवर लालमध्ये बर्न्ट सिएना आणि तोच मागचा राखाडी, त्यामुळे पक्षी आणि हवा एका कुटुंबातले वाटायला लागले. हे पूर्ण वाळू दिलं, रात्रभर. दुसऱ्या दिवशी चोचीभोवतीचा काळा मुखवटा, तोही अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घट्ट करून, चोच नारिंगी-लाल, जाड आणि शंकूसारखी, आणि डोळा सगळ्यात शेवटी, त्यात वरच्या बाजूला एकच ठिपका उजेड.

फांदीवरच्या बर्फाबद्दल एक सांगायलाच हवं. बर्फ फांदीवर गादीसारखा सगळीकडे सारखा बसलाय आणि त्यावर पक्षी, असं मी पहिल्या तीनही वेळा काढलं होतं. पण पक्षी उतरला की फांदी हलते आणि बर्फ सांडतो. कार्डिनल बसतो तिथे फांदी उघडी, ओली आणि काळी असते, दोन्ही बाजूंना बर्फाची तुटलेली कड. चौथ्यात तसं केलं आणि त्या काळ्या ओल्या तुकड्याने दोन कामं केली, पक्षी आत्ताच येऊन बसलाय हे कळतं, आणि लालच्या खाली एक गडद जागा मिळाली. तुटलेल्या बर्फाच्या कडेला, पोटाच्या अगदी जवळ, रोझचं अगदी पातळ पाणी फिरवलं, कारण लाल रंगाची झाक बर्फावर पडते. डॉगवुडच्या काड्यांच्या टोकाला हिवाळ्यात कळ्या असतात, शर्टाच्या बटणांसारख्या, त्या चार-पाच टाकल्या. पडणाऱ्या बर्फासाठी कागदाचा आडोसा धरून टूथब्रशने पांढरा गुआश उडवला, फक्त खोडावर आणि पक्ष्यावर. पाठीवर तीन कण पडले, शेपटीवर एक. पायरोल कागदात पक्का बसलेला असल्यामुळे पांढऱ्यात लाल अजिबात मिसळला नाही, तिसऱ्या कागदाला ज्या गुणाने घात केला तोच इथे उपयोगी पडला.

चित्रात दोष आहेत. शेपटी अर्धा सेंटिमीटर तरी आखूड झालीय, आणि उजवीकडे वरच्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब पडून फुलासारखा डाग आलाय. दोन्ही तसेच ठेवले.

सकाळी आई उठली, चष्मा लावून चित्र बघितलं, मग खिडकीतून बाहेर बघितलं आणि मला म्हणाली, "फीडर रिकामा दिसतोय, आज बिया घातल्या नाहीस का गं त्याला?" मी जॅकेट घालून बिया घालायला गेले.

मार्चच्या शेवटी आई गेली, चित्र दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये घालून तिच्या साड्यांच्या मधोमध ठेवलं, फ्रेम साताऱ्यातच करून घेतली, काच कागदाला टेकू नये म्हणून माउंट लावायला फोनवरून सांगितलं. जायच्या आठवड्यात तिने नराला मादीच्या चोचीत बी भरवताना बघितलं आणि तेव्हापासून प्रत्येक फोनवर विचारते की हिचं चित्र कधी काढतेस. मादी बदामी रंगाची, तुऱ्यावर, पंखांवर आणि शेपटीवर लालची नुसती झाक. ती बर्फात उठून दिसत नाही, राखाडीत मिसळून जाते, त्यामुळे तिच्यासाठी वॉश जरा थंड ठेवून तिला यलो ऑकरने ऊब द्यावी लागेल असा माझा अंदाज आहे. तिची स्केच चौदा झालीत, कागद कापून ठेवलाय, आता बर्फ पडायची वाट बघतेय.